आधी नियम, मग बंदूक

ठासणीची रायफल घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. काउंटरवरचा माणूस चार रायफली काढून दाखवतो, त्यातली एक हातात चांगली बसते आणि तिथल्या तिथे व्यवहार होऊन जातो. अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या मराठी वाचकांना माझं आग्रहाचं सांगणं याच्या उलट आहे. ज्या राज्यात शिकार करायची, त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका आधी वाचा. बंदूक त्यानंतर निवडा.

असं का म्हणतो, ते एका उदाहरणावरून लगेच कळेल. समजा, तुम्ही आजच्या पद्धतीची .50 कॅलिबरची इनलाइन रायफल घेतली. तिच्यावर दुर्बीण बसवली, पेटवायला शॉटगनचे 209 प्रायमर घेतले, दारूच्या तयार गोळ्या म्हणजे पेलेट घेतले आणि सॅबोत, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टनात, बसवलेल्या बुलेट घेतल्या. हा सगळा संच न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला चालतो. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमधल्या ठासणीच्या हंगामात चालतो, पण त्याच राज्यात नाताळनंतरच्या हंगामात ती रायफल घेऊन रानात उभं राहणंही बेकायदा ठरतं. कोलोराडोच्या ठासणीच्या हंगामात रायफल चालते, मात्र दुर्बीण, पेलेट आणि सॅबो तिन्ही बाजूला ठेवावे लागतात. आयडाहोत ठासणीसाठी राखलेल्या हंगामात 209 प्रायमरच चालत नाहीत, म्हणजे मूळ रायफलच बाद होते. बंदूक एकच, पण चार ठिकाणी तिची चार उत्तरं. यातली चूक रानात गेल्यावर लक्षात आली तर दंड होतो, परवाना जातो आणि शिकारही जप्त होते.

वेगळा हंगाम कशासाठी?

नियम पाठ करण्यापेक्षा त्यांचा हेतू समजून घेतला तर ते लक्षात राहतात. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासायची असते. एक बार उडाला की दुसरा भरायला सरावलेल्या हातालाही बराच वेळ लागतो. उघड्या माशीने नेम धरायचा तर टप्पाही शंभर यार्डांच्या आसपासच राहतो. म्हणजे जनावराला निसटायची संधी जास्त आणि शिकाऱ्याचं यश कमी. म्हणूनच अनेक राज्यांनी या बंदुकीला स्वतंत्र हंगाम दिला. त्या हंगामात रानात गर्दी कमी असते आणि बऱ्याचदा दिवसही अधिक चांगले मिळतात. कोलोराडोत हा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर येतो. एल्कचे नर त्या दिवसांत माजावर असतात आणि डोंगर त्यांच्या हाकांनी घुमत असतो. पेनसिल्व्हेनियाने चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीचा हंगाम 1974 मध्ये सुरू केला.

पुढे बंदूकच बदलली. मिसूरीतल्या टोनी नाइट यांनी 1985 मध्ये एमके-85 ही इनलाइन रायफल बाजारात आणली. तिच्यात ठिणगी बाजूने येत नाही, नळीच्या सरळ रेषेत मागून येते. त्यामुळे दारू हमखास पेटते, पाऊसपाण्याचा त्रास कमी होतो आणि दुर्बीणही सहज बसते. मग दारूच्या पेलेट आल्या, सॅबो आले आणि टप्पा वाढत गेला. यावर प्रत्येक राज्याने आपापला निर्णय घेतला. काहींनी सगळं स्वीकारलं, काहींनी रायफल स्वीकारून दुर्बीण नाकारली, तर काहींनी जुन्या पद्धतीलाच धरून राहायचं ठरवलं. आज राज्याराज्यांत जो फरक दिसतो, त्याचं मूळ या निर्णयांत आहे. ठासणीचा हंगाम ही सवलत आहे आणि प्रत्येक सवलतीला अट असते. ती अट मनापासून पाळणं हा या शिकारीचाच भाग आहे, असं मी मानतो.

चार राज्यांचे चार कायदे

*पेनसिल्व्हेनिया.* अठराव्या शतकात लँकेस्टर परिसरातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली, ती याच भूमीत. त्या वारशाचा मान राखायला नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी ठेवला आहे. बंदूक 1800 पूर्वीची असली पाहिजे किंवा तशा बंदुकीची प्रतिकृती असली पाहिजे. नळी एक, कॅलिबर किमान .44, नेम उघड्या माशीचा. केप (आघाताने पेटणारी छोटी टोपी) किंवा प्रायमर अजिबात नाही, गारगोटीच्या ठिणगीनेच बार पेटला पाहिजे. सर्वसाधारण शिकार परवान्याशिवाय ठासणीचा वेगळा परवानाही लागतो.

*न्यू जर्सी.* इथे हरणासाठी काडतुसाची रायफल वापरता येत नाही. शॉटगन वापरावी लागते, आणि रायफलच हवी असेल तर ती ठासणीची. ती एकनळी आणि किमान .44 कॅलिबरची हवी. दुर्बीण चालते. दारू काळी किंवा तिला पर्यायी म्हणून बनवलेलीच हवी, बिनधुराची दारू चालत नाही. बंदुकीच्या परवान्याबरोबर रायफलचं वेगळं परमिट घ्यावं लागतं. आणखी एक गोष्ट एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत राहणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने लक्षात ठेवावी: या राज्यात ठासणीची रायफल विकत घ्यायलाही फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं. शेजारच्या राज्यात लागत नाही म्हणून इथे लागत नसेल, असं गृहीत धरू नका.

*कोलोराडो.* हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी किमान .40, तर एल्क आणि मूससाठी किमान .50 कॅलिबर. .40 ते .50 कॅलिबरपर्यंत गोळीचं वजन किमान 170 ग्रेन आणि .50 च्या वर किमान 210 ग्रेन. गोळी गोल किंवा लांबोळी. लांबोळी असेल तर तिची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. ठासणीच्या हंगामात दुर्बीण, सॅबो, पेलेट आणि बिनधुराची दारू या चारही गोष्टींना मनाई आहे. इनलाइन रायफल मात्र चालते. माशीवर चमकता रंग किंवा फायबर ऑप्टिक असलं तरी हरकत नाही.

*आयडाहो.* ठासणीच्या राखीव हंगामात हे राज्य बरंच कडक आहे. हरणाला किमान .45 आणि एल्कला किमान .50 कॅलिबर लागतं. घोडा बाहेरून दिसणारा हवा आणि ताणलेल्या स्थितीत केपाचा काही भाग तरी उघडा दिसला पाहिजे. गारगोटी, साधी केप किंवा मस्केट केप यांनीच बार पेटवायचा. दारू सुटी हवी. नेमाला उघडी माशी. सॅबो चालत नाही आणि गोळीचा व्यास नळीच्या व्यासापेक्षा .010 इंचाहून जास्त वेगळा नको.

ही चार राज्यं केवळ नमुन्यादाखल आहेत. नियम दरवर्षी तपासले जातात आणि बदलतातही. त्यामुळे हा लेख वाचून बंदूक घेऊ नका. काय शोधायचं ते या लेखातून घ्या आणि उत्तर त्या वर्षीच्या पुस्तिकेत शोधा. वाक्याचा अर्थ लागला नाही तर खात्याच्या कार्यालयाला फोन करा. तिथली माणसं असे प्रश्न रोज ऐकतात आणि नीट उत्तर देतात.

पुस्तिका उघडली की काय शोधायचं?

पहिला प्रश्न *बार कसा पेटतो* हा. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की गारगोटी पोलादी झडपेवर घासते आणि झडप पुढे उलटते. ठिणग्या खालच्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर, पडतात. तो जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरतो, आणि मग मुख्य दारू पेटते. हे सगळं क्षणार्धात होतं, पण तो क्षण जाणवण्याइतका असतो. तेवढ्या वेळात नेम हलला तर गोळी भलतीकडे जाते. म्हणून चकमकीची बंदूक घेणाऱ्याने बार उडून धूर निघेपर्यंत डोळा माशीवरून न हलवण्याची सवय लावून घ्यावी. केपाच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटतो आणि आतलं रसायन भडकतं. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसाइथ यांनी अशा आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट 1807 मध्ये घेतलं. केप त्याच कल्पनेतून पुढे आली. 209 प्रायमर सर्वांत जोरकस, आणि म्हणूनच काही राज्यांना नको असलेला.

दुसरा प्रश्न *कॅलिबर आणि वजनाचा*. हे दोन नियम नेहमी एकत्र वाचावेत. कोलोराडोचंच घ्या. .45 कॅलिबरची रायफल हरणासाठी .40 च्या अटीत सहज बसते. पण तिच्यात वापरायची .440 इंची गोल शिशाची गोळी साधारण 128 ग्रेन भरते, म्हणजे 170 च्या अटीत ती नापास. .50 च्या रायफलीतली .490 इंची गोल गोळी 177 ग्रेनच्या आसपास भरते आणि जेमतेम पास होते. .54 ची .530 इंची गोळी 224 ग्रेनच्या घरात जाते, त्यामुळे 210 ची अट ती सहज पूर्ण करते. कॅलिबर पाहून .45 ची रायफल घेतली असेल तर तुम्हाला लांबोळी, जड गोळीच वापरावी लागेल. आणि नळीला ती मानवते की नाही, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

तो तिसरा प्रश्न, *नळीच्या पिळाचा*. रायफलच्या नळीत आतून पेच कोरलेले असतात. ते गोळीला फिरवतात आणि म्हणून ती सरळ जाते. पिळाचा वेग आकड्यांत देतात. 1:66 म्हणजे 66 इंचांत एक पूर्ण फेरा. ग्रीस लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासलेल्या गोल गोळीला असा संथ पीळ मानवतो. 1:28 किंवा त्याहून वेगवान पीळ लांबोळ्या आणि सॅबोतल्या गोळीसाठी असतो. इनलाइन रायफलीत बहुधा तोच मिळतो. 1:48 हा मधला मार्ग. थॉम्प्सन सेंटर कंपनीची हॉकन रायफल 1970 पासून याच पिळाने लोकप्रिय झाली. दोन्ही प्रकारच्या गोळ्या ती बऱ्यापैकी चालवते. राज्याने फक्त गोल गोळीची परवानगी दिली असेल आणि तुम्ही 1:28 ची नळी घेतली असेल, तर कागदावर तुम्ही नियमात असाल, पण निशाण्यावर गोळ्या विखुरतील. बंदूक कायदेशीर असून भागत नाही. कायदेशीर गोळी तिच्यातून नीट गेली पाहिजे.

चौथा प्रश्न *दारूचा*. खरी काळी दारू दाण्याच्या जाडीप्रमाणे मिळते. एकएफ सर्वांत जाड आणि चारएफ सर्वांत बारीक. .50 आणि त्यावरच्या रायफलीला सामान्यतः दोनएफ, लहान कॅलिबरला तीनएफ, आणि चकमकीच्या वाटीत रंजक म्हणून चारएफ. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारख्या पर्यायी दारूही बाजारात आहेत. त्या पेटायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत त्या दगा देतात. तिथे खरी काळी दारूच घ्या. ब्लॅकहॉर्न 209 या दारूला नावाप्रमाणे 209 प्रायमरच लागतो. म्हणजे जिथे 209 ला मनाई, तिथे ही दारूही गेली. राज्य पेलेटला परवानगी देत असलं तरी सुटी दारू मापाने भरायला शिका, ती सर्वत्र चालते. हे माप आकारमानाचं असतं, वजनाचं नाही. त्यासाठी मिळणारं पितळी मापच वापरा.

आणि जिवाशी गाठ असलेली गोष्ट: काळ्या दारूसाठी बनवलेल्या नळीत बिनधुराची आधुनिक दारू कधीही भरू नका, चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब या नळीला झेपत नाही. नळी फुटते आणि हात, डोळे, जीव काहीही जाऊ शकतं. दोन्ही दारूंचे डबे घरात एका फळीवरही ठेवू नयेत.

पाचवा प्रश्न *नेमाच्या साधनाचा*. चाळिशीनंतर जवळची माशी धूसर दिसू लागते. राज्याने दुर्बिणीला मनाई केली असेल तर पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून पाहायची मागची माशी, मोठी मदत करते. पण ती चालते का, हे त्या राज्याच्या शब्दांत शोधा. ‘ओपन साइट’ आणि ‘आयर्न साइट’ यांत नियमकार फरक करू शकतात.

सहावा प्रश्न अलीकडचा आहे. दारूची बंद कॅप्सूल मागून आणि गोळी तेवढी तोंडातून भरायची, अशाही रायफली आता मिळतात. भरायला त्या सोप्या आहेत. मात्र दारू आणि गोळी दोन्ही तोंडातूनच भरली पाहिजेत असं ज्या राज्यांनी लिहून ठेवलं आहे, तिथे त्या चालत नाहीत. ‘ठासणीची’ म्हणून जाहिरात झाली, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

केंद्राचा कायदा आणि तुमचा व्हिसा

1968 च्या गन कंट्रोल कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेली शस्त्रं आणि काडतूस न वापरता येणाऱ्या, काळ्या दारूच्या ठासणीच्या रायफली ‘पुराण शस्त्र’ या वर्गात मोडतात. त्यामुळे अनेक राज्यांत त्या विनातपासणी मिळतात. पण राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो. न्यू जर्सीचं उदाहरण वर आलंच आहे.

एच-1बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने सामान्य बंदूक बाळगण्यास मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणाऱ्याला त्यातून सूट मिळते. पुराण शस्त्र या मनाईत येत नाही, पण ठासणीच्या सगळ्याच बंदुका त्या व्याख्येत बसत नाहीत आणि तुमचं राज्य वेगळी अट घालू शकतं. इमिग्रेशनच्या फाइलवर एका चुकीचा डाग वर्षानुवर्षं राहतो. म्हणून ग्रीन कार्ड हातात नसलेल्यांनी खरेदीआधी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. त्याची फी बंदुकीच्या किमतीचाच भाग समजावी.

शिकार परवान्याआधी बहुतेक राज्यांत हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. कोलोराडोत 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. त्याकडे उपचार म्हणून पाहू नका. लहानपणी बंदूक जवळून न पाहिलेल्या आपल्यासारख्यांसाठी ती खरी शाळा आहे. कोलोराडोत ठासणीच्या हंगामाचे परवाने सोडतीने मिळतात आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच करावा लागतो, हेही डोक्यात ठेवा.

जुनी बंदूक घेताना

चांगली जुनी केपाची किंवा चकमकीची रायफल कमी पैशांत मिळते. ती पाहताना पहिली तपासणी एकच: बंदूक भरलेली तर नाही? वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत बार तसाच राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. नळीचं तोंड स्वतःपासून आणि सगळ्यांपासून दूर धरा. गज नळीत हळूच शेवटपर्यंत सोडा आणि तोंडाशी जिथे येतो तिथे बोटाने धरा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. त्याचं टोक कानापर्यंत किंवा केप बसवायच्या निपलापर्यंत पोचलं तर नळी रिकामी आहे. इंच-दोन इंच अलीकडे राहिलं, तर आत काहीतरी आहे असं समजून बंदूक खाली ठेवा आणि जाणकार बंदूक-कारागिराला बोलवा.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की आत बारीक दिवा सोडून पाहा. मागच्या टोकाशी, जिथे दारू जळते तिथे, गंजाचे खड्डे असतील तर सौदा सोडून द्या. चकमकीच्या बंदुकीत कान वाटीच्या वरच्या काठाला येईल असा असावा. तो खाली गेला असेल तर रंजक कानात भरतं आणि बार उशिरा पेटतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन रिकाम्या वाटीवर गारगोटी मारून पाहा. ठिणग्या वाटीत भरपूर आणि खालच्या दिशेने पडल्या पाहिजेत. केपाच्या बंदुकीत निपलाचा माथा चेपलेला नसावा आणि घोडा अर्ध्या ताणावर घट्ट थांबला पाहिजे. नळीवर कोरलेलं कॅलिबर स्वतः वाचा, विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

भरण्याची शिस्त

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. यावर सोपा उपाय आहे. आपला नेहमीचा बार भरून गोळी नीट टेकली की नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करा. रिकाम्या नळीसाठी दुसरी खूण करा. पुढे प्रत्येक वेळी गजच सांगेल की बार नीट बसला आहे, अर्धवट आहे, की एकावर एक दोनदा भरला गेला आहे. दारू किती भरायची याची कमाल मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत असते. ती ओलांडू नका. दारू थेट डब्यातून नळीत ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर डबाच हातात फुटेल.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. उशिरा पेटणारा बार हा या बंदुकीचा ओळखीचा धोका आहे. वापर झाला की त्याच दिवशी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड एका रात्रीत गंजायला लागतं.

शिकारीच्या आधी महिनाभर तरी सराव करा. पन्नास यार्डांवर गोळ्यांचा घोळका एका छोट्या ताटाएवढ्या वर्तुळात सलग पडू लागला की मगच अंतर वाढवा. जिथे तुमचा घोळका फुटतो, ते तुमचं कमाल अंतर. राज्याचा नियम काहीही म्हणो, त्यापलीकडच्या जनावरावर चाप ओढू नये. दुसरा बार लगेच मिळणार नसतो आणि जखमी जनावर रानात तडफडत जातं. .50 ची गोल गोळी एल्कसाठी कोलोराडोत कायद्यात बसत असली तरी एवढ्या मोठ्या जनावराला मी .54 किंवा जड लांबोळी गोळीच सुचवीन.

प्रवासाला निघताना

विमानाने जाणार असाल तर रायफल कुलूपबंद, टणक पेटीत, रिकामी ठेवून आणि विमान कंपनीला कळवून सामानात देता येते. काळी दारू आणि केप मात्र कुठल्याच सामानात चालत नाहीत. त्या तिथे पोचल्यावर विकत घ्याव्या लागतात, म्हणून हवी ती दारू तिथे मिळते का, ते आधी विचारून ठेवा. मोटारीतून नेताना बंदूक ‘रिकामी’ कधी मानायची याची व्याख्या राज्यागणिक वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी केप काढली किंवा वाटीतलं रंजक झटकलं की पुरतं, पण हेही पुस्तिकेत वाचूनच ठरवा. कोलोराडोत शिकार करताना 500 चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी कपडा अंगावर हवा.

मायदेशाची तुलना मनात येणारच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत डुकरं आणि माकडांपासून पीक राखायला शेतीसंरक्षण परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आजही घरोघरी ओळखीच्या आहेत. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना लागतो. अमेरिकेत घेतलेली रायफल सुट्टीला गावी न्यायचा विचार करू नका.

मग घ्यायची कोणती?

फक्त न्यू जर्सीत हरणाला जाणार असाल, तर .50 ची इनलाइन, माफक ताकदीची दुर्बीण आणि 209 प्रायमर. शिकायला सोपी आणि ओल्या हवेत भरवशाची. कोलोराडो हे लक्ष्य असेल, तर .50 किंवा .54, उघडी माशी, सुटी दारू आणि नळीत बरोबर बसणारी शिशाची जड गोळी. मग रायफल इनलाइन असो वा बाजूच्या घोड्याची. आयडाहोचा बेत असेल, तर बाजूच्या घोड्याची केपाची रायफल. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर जायचं असेल, तर चकमकीशिवाय पर्याय नाही.

आणि पुढची अनेक वर्षं वेगवेगळ्या राज्यांत हिंडायचं मनात असेल, तर सगळ्यांत कडक नियम डोळ्यांसमोर ठेवून घ्या. 1:48 पिळाची, .50 कॅलिबरची, एकनळी चकमकीची रायफल, उघडी माशी, सुटी काळी दारू आणि चिंधीतली शिशाची गोल गोळी: हा संच वरच्या चारही राज्यांत हरणाच्या शिकारीला बसतो. जी बंदूक सगळ्यांत जुन्या पद्धतीची, ती सगळ्यांत जास्त ठिकाणी चालते. ती मेहनत जास्त मागते. गारगोटी बदलायला शिकावं लागतं, रंजक कोरडं ठेवावं लागतं आणि जनावराच्या जास्त जवळ जावं लागतं. ठासणीचा हंगाम ठेवला आहे तो याच मेहनतीसाठी.

1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली, शॉटगन आणि दारूगोळ्यावर जमा होणारा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. परवान्याच्या पैशातून रानं राखली जातात, जनावरांची गणती होते आणि त्या गणतीवरूनच पुढच्या वर्षीचे नियम ठरतात. तुम्ही पुस्तिकेत वाचता ते प्रत्येक बंधन या साखळीचा एक दुवा आहे. तेव्हा आजच तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू पुस्तिका मिळवा, वरचे सहा प्रश्न एका कागदावर लिहा आणि त्यांच्यासमोर पुस्तिकेतली उत्तरं उतरवा. तो कागद खिशात घालून दुकानात जा, आणि त्यात न बसणारी रायफल कितीही देखणी असली तरी काउंटरवरच ठेवून या.